राऊंड ऑफ शिकवायचं तर आधी गठ्ठे, नियम मागून

चौथी-पाचवीत राऊंड ऑफ, म्हणजे संख्या जवळच्या दहा-शंभराच्या पटीत आणणं, शिकवायची वेळ आली की बहुतेक वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर नियम येतो, पाच किंवा पाचाच्या वर असेल तर एक वाढवा, कमी असेल तर तसंच ठेवा, पुढे शून्य द्या. पोरं पाठ करतात, वहीतली गणितं सुटतात, आपणही पुढच्या धड्याकडे वळतो. आणि महिन्याभराने ३९७ ची जवळची दहाच्या पटीतली संख्या विचारली की कोणी ३९० लिहिते, कोणी ४९०, आणि कोणी तर ३१०० लिहून आणते कारण ९ मध्ये एक वाढवला तर १० झाले न, मग १० च लिहिले मधात. त्या पोट्ट्याने नियम अगदी बरोबर पाळला आहे हे लक्षात घ्या. नियम ज्याच्यावर उभा आहे ती स्थानिक किंमतच त्याच्या हातात आलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. राऊंड ऑफ म्हणजे संख्या पूर्ण गठ्ठ्यांमध्ये सांगणं. सुट्टं काही ठेवायचं नाही, पूर्ण दहाचे, पूर्ण शंभराचे, नाहीतर पूर्ण हजाराचे गठ्ठे किती ते सांगायचं. हे ज्या लेकराला कळलं त्याला पाचाचा नियम तुम्ही सांगायच्या आधी स्वतःच सापडतो, आणि ९ आला तरी तो अडत नाही.

सुरुवात करायच्या आधी वर्गात एक प्रश्न विचारून बघा, ४७३ मध्ये दशक किती? जवळपास सगळे ७ म्हणतील. दशकाच्या घरातला अंक ७ आहे हे खरं, पण ४७३ मध्ये दहाचे गठ्ठे बांधायला बसलं तर ४७ बांधले जातात आणि ३ सुटे राहतात. दशकस्थानचा अंक कोणता आणि एकूण दशक किती हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि राऊंड ऑफला दुसरा प्रश्न लागतो. पुस्तकातल्या स्थानिक किमतीच्या सरावात पहिलाच प्रश्न जास्त येतो, ७ ची स्थानिक किंमत ७०, झालं, पुढे चला. त्यामुळे या धड्याच्या आधी दोन-तीन दिवस फक्त एवढंच करा. ५६२ मध्ये दशक किती, ५६. १,२०८ मध्ये दशक किती, १२०. १,२०८ मध्ये शतक किती, १२. ७,३४८ मध्ये शतक किती, ७३. तोंडी विचारा, पाटीवर विचारा, हजेरी घेताना विचारा. इथे घाई केली की पुढे सगळं लंगडं चालते.

सामान म्हणाल तर विकत काहीच आणायचं नाही. आपल्या इकडे विदर्भात उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची वेचणी संपली, की शेताशेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पडलेली असते, पण पऱ्हाटीची काडी जाड-बारीक येते आणि वाळलेल्या बोंडाची टोकं लहान हाताला टोचतात, त्यावर फवारणीही झालेली असते, म्हणून मी तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली झाडं, वापरायला सांगेन, तुराटीच्या बारीक फांद्या सरळ निघतात, वीतभर लांब तोडून धुऊन उन्हात टाकल्या की वर्षभर चालतात. तुराटी नसेल तर खराट्याच्या काड्या. दहा-दहा काड्यांचा गठ्ठा बांधायला सायकलच्या फाटक्या ट्यूबचे बारीक रिंग कापून घ्या, रबर बँडपेक्षा जास्त टिकतात आणि पोरांना चढवता-उतरवता येतात. दहा गठ्ठे सुतळीने एकत्र बांधले की शंभराचा भारा. वर्गाने मिळून चारशे-पाचशे काड्या केल्या तर पुरे. गठ्ठे मात्र पोरांनीच बांधायचे, आपण बांधून द्यायचे नाहीत, कारण बांधताना दहा मोजले जातात तेच तर शिकणं आहे.

आता ४७ घ्या. पोराने ४ गठ्ठे आणि ७ सुट्या काड्या समोर मांडल्या. त्याला सांगा की सुट्या काड्या ठेवायच्या नाहीत, एकतर सुट्या टाकून दे आणि चारच गठ्ठे ठेव, नाहीतर ढिगातून अजून काड्या घेऊन पाचवा गठ्ठा पूर्ण कर, पण ज्याच्यात कमी काड्यांची उलाढाल होते तेच कर. टाकायच्या तर ७, आणायच्या तर ३. तीन आणणं सोपं. म्हणून ५ गठ्ठे, ५०. मग ४२ द्या, टाकायच्या २, आणायच्या ८, म्हणून ४ गठ्ठे, ४०. इथे "वर", "खाली" हे शब्द अजिबात वापरू नका, ते पुढे का नडतात ते सांगतो.

पाच-सहा संख्या झाल्या की मुद्दाम ४५ द्या आणि गप्प बसा. टाकायच्या ५, आणायच्याही ५. वर्गात भांडण लागते, लागू द्या. एक म्हणते चाळीस, एक म्हणते पन्नास, कोणीतरी म्हणते "सर, हे तं दोन्हीकडं सारखंच हाये, मंग काऊन एकच सांगाव?" आणि तो प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. ४५ हे ४० आणि ५० पासून अगदी सारख्याच अंतरावर आहे, गणित आपल्याला इथे काहीच ठरवून देत नाही. तेव्हा सांगा की हे लोकांनी मिळून ठरवून घेतलं आहे, मधोमध आली तर मोठ्या बाजूला जायचं, म्हणजे सगळ्यांचं उत्तर एकच येईल. १९६१ च्या आयकर कायद्यातही हेच होतं, कलम २८८ए मध्ये एकूण उत्पन्न दहाच्या पटीत करायला सांगितलं होतं आणि शेवटचा अंक पाच किंवा जास्त असेल तर पुढच्या दहाला न्यायचं, म्हणजे ४,८६,३४५ रुपये असतील तर ४,८६,३५०. पोरांना हे सांगितलं की त्यांना बरं वाटते, पुस्तकातला नियम सरकारही पाळते म्हणून.

मोठ्या बाजूलाच काऊन, याचं एक उपयोगी कारण आहे आणि ते पाचवीच्या पोरांना नक्की समजते. शंभराच्या गठ्ठ्यात ३५० मधोमध आहे, पण ३५१, ३५२ पासून ३९९ पर्यंतच्या सगळ्या संख्या तर ४०० च्याच जवळ आहेत. ३५० लाही तिकडेच पाठवलं की दशकाचा ५ दिसला रे दिसला की पुढचा अंक बघायचीच गरज नाही. ३५० ला ३०० कडे पाठवलं असतं तर दर वेळी शेवटपर्यंत बघत बसावं लागलं असतं की हा नेमका ३५० आहे की ३५१.

गठ्ठ्यांवर हात बसला की मोठ्या संख्यांसाठी काड्या पुरत नाहीत, तेव्हा पटांगणात चला. एक लांब सुतळी घ्या, तिला सारख्या अंतरावर गाठी मारून दहा भाग करा, मधल्या गाठीला लाल चिंधी बांधा. दोन पोरं दोन टोकं धरून उभी राहतील, एकाच्या गळ्यात ४७० ची पाटी, दुसऱ्याच्या गळ्यात ४८० ची. तिसरा ४७३ ची पाटी घेऊन आपली जागा शोधेल. तीन गाठी मोजून उभा राहतो, लाल चिंधीच्या अलीकडे, म्हणजे ४७० जवळ. आता ४७३ वाल्याला बाजूला घ्या आणि टोकांच्या पाट्या बदला, ४०० आणि ५००. सुतळी तीच, गाठी त्याच, पण आता दोन गाठींमध्ये दहाचं अंतर आहे आणि लाल चिंधी ४५० वर आली. ४७३ वाला आता कुठे उभा राहील? बहुतेक पोरं पुन्हा तिसऱ्या गाठीकडेच जातात, सवयीने. बाकीचे ओरडून दुरुस्त करतात, सातव्या गाठीच्या जरा पुढे नेऊन उभं करतात, लाल चिंधी मागे पडली, म्हणजे ५०० जवळ. मग तिसऱ्यांदा पाट्या बदला, ० आणि १,०००. लाल चिंधी ५०० वर. ४७३ चिंधीच्या जरासाच अलीकडे, म्हणजे जवळच्या हजारात ४७३ चं उत्तर शून्य.

इथे गोंधळ होणारच. चारशे त्र्याहत्तर रुपये शून्य कसे होतील, कोणाचं मन मानत नाही. पण हा गोंधळ फार मोलाचा आहे, कारण यातूनच कळते की "राऊंड ऑफ कर" हा प्रश्नच अर्धा आहे, किती मोठ्या गठ्ठ्यात करायचं ते सांगितल्याशिवाय उत्तर नाही. एकाच ४७३ ची तीन उत्तरं, ४७०, ५०० आणि ०, तिन्ही बरोबर. हजाराचे पूर्ण गठ्ठे ४७३ मध्ये एकही नाही आणि एक पूर्ण करायला ५२७ लागतात, टाकायला ४७३ च लागतात. हिशोब तोच, काड्यांचाच.

एक गोष्ट फक्त मराठी माध्यमाच्या मास्तरांसाठी. आपण आकडे बोलताना एकक आधी बोलतो, सत्तेचाळीस म्हणताना कानावर आधी सात पडते, मग चाळीस. तोंडी गणितात लेकरू ४७ ऐकून ७४ लिहिते तेव्हा त्याला राऊंड ऑफ येत नाही असं समजू नका, त्याने संख्याच उलटी पकडलेली असते. याच अडचणीवरून २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, सत्तर दोन अशी वाचनाची पद्धत दिली आणि त्यावर राज्यभर वाद झाला. ती पद्धत पटो न पटो, अडचण खरी आहे. त्यामुळे हा धडा शिकवताना संख्या नुसती बोलू नका, बोला आणि घरांमध्ये लिहा, ह श द ए चे रकाने आखून. रकान्यात बसली की मगच प्रश्न.

आता वहीतलं काम. यासाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती उभी रेघ. जवळच्या शंभरात करायचं असेल तर शतकाच्या अंकानंतर उभी रेघ मारायची. ७,३४८ घेतले तर ७३ | ४८. रेघेच्या डावीकडे शंभराचे गठ्ठे, ७३. उजवीकडे सुटे, ४८. शंभराचा अर्धा ५०, सुटे त्याहून कमी, म्हणून टाकून दिले, ७३ शतक, ७,३००. जवळच्या दहात करायचं तर रेघ एक घर उजवीकडे, ७३४ | ८. सुटे ८, पाचाहून जास्त, गठ्ठा पूर्ण केला, ७३५ दशक, ७,३५०. जवळच्या हजारात ७ | ३४८, अर्धा ५००, सुटे कमी, ७,०००.

आणि आता ते सुरुवातीचं ३९७ घ्या. ३९ | ७. एका पोरीने हे काड्यांवर केलं तेव्हा मी शेजारी बसलेलो होतो. तिने एकोणचाळीस गठ्ठे रांगेत लावले, सात सुट्या काड्या मुठीत धरल्या, शेजारच्या पोराच्या ढिगातून तीन ओढल्या, दातात धरलेला ट्यूबचा रिंग काढून चढवला आणि मग रांगेकडे बघत राहिली. थोडं थांबून म्हणाली, "हे तं चाळीस झाले. चाळीस गठ्ठे म्हंजे चारशेच न सर?" हातचा नाही, ९ चे १० झाले म्हणून शतकात एक वाढवा नाही, काहीच नाही. ३९ नंतर ४० येतात एवढंच. ९९७ दिले तर ९९ | ७, १०० दशक, १,०००. हातचा शिकवायला माझी हरकत नाही, पण तो मागून शिकवा, गठ्ठे मोजता आले की हातच्याचं भूतच उरत नाही.

रेघेचा सराव झाल्यावर, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पोरांना विचारा की उजवीकडचं सगळं वाचायची गरज आहे का? अर्धा कधी ५, कधी ५०, कधी ५००, कधी ५,०००, या सगळ्यांचा पहिला अंक ५ च. म्हणजे रेघेच्या उजवीकडचा फक्त पहिला अंक बघितला की झालं. वर्गात कोणीतरी हे स्वतःहून म्हणते, म्हणेपर्यंत थांबा. तेव्हा फळ्यावर नियम लिहा. आता तो त्यांचा नियम आहे.

चुका कोणत्या होतात ते माहीत असलं तर अर्धं काम सोपं. सगळ्यात जास्त दिसते ती ही की ४७३ चं जवळच्या दहात ४६० करून आणतात. याला कारण आपलीच भाषा, आपण म्हणतो "तीन पाचापेक्षा कमी आहे, खाली जा" आणि लेकरू खाली जाते, ७ चा ६ करते. म्हणून वर-खाली हे शब्द नकोत. "सुटे टाक" किंवा "गठ्ठा पूर्ण कर" एवढंच बोला, गठ्ठे तर ४७ आहेतच, ते कमी कशाला होतील. दुसरी चूक म्हणजे शून्य द्यायचं विसरतात, ४७३ चं ४७ लिहून मोकळे. त्यांना रागावू नका, ४७ गठ्ठे हे त्यांचं उत्तर बरोबर आहे, फक्त "४७ काय, काड्या की गठ्ठे?" एवढं विचारा. तिसरी, शेवटचाच अंक बघायची सवय, ७,३४८ जवळच्या शंभरात करताना ८ बघतात आणि ७,४०० लिहितात, याला उभी रेघ हाच इलाज.

चौथी चूक हुशार पोरांची, आणि मोठ्यांचीही. ४,४४९ जवळच्या हजारात करायचं. आधी दहात केलं, ४,४५०. मग त्याचं शंभरात, ४,५००. मग त्याचं हजारात, ५,०००. प्रत्येक पायरी नियमाने बरोबर आणि शेवटचं उत्तर चूक. सुतळीवर उभं करा, एका टोकाला ४,०००, दुसऱ्याला ५,०००, लाल चिंधी ४,५०० वर, ४,४४९ तर चिंधीच्या अलीकडेच आहे. उत्तर ४,०००. राऊंड एकदाच करायचं आणि ते मूळ संख्येवरूनच करायचं, हे दोन-तीन अशाच संख्या देऊन पक्कं करा, २,७४६ शंभरात, ६,४९८ हजारात. पहिल्याचं २,७००, दुसऱ्याचं ६,०००.

पुस्तकातल्या संख्या संपल्या की आपल्या घरातल्या संख्या आणा, पोरं एकदम जागी होतात. पश्चिम विदर्भात कापूस, सोयाबीन, तूर नसलेलं घर शोधावं लागते, आणि हमीभावाचे आकडे राऊंड ऑफसाठी जणू मुद्दाम तयार केल्यासारखे आहेत. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ होता, लांब धाग्याचा ७,५२१, सोयाबीन ४,८९२, तूर ७,५५०. आता वर्गाला लावा कामाला. शंभरात ७,१०० आणि ७,५००, सोयाबीन ४,९००. तूर ७५ | ५०, अगदी मधोमध, म्हणून ७,६००. म्हणजे ते ४५ वालं भांडण खऱ्या आयुष्यातही येते. हजारात केलं तर मजा बघा, ७,१२१ चे ७,००० होतात आणि ७,५२१ चे ८,०००. खरा फरक ४०० चा आणि राऊंडमध्ये दिसतो १,००० चा. पुढच्या २०२५-२६ च्या हंगामात हेच भाव ७,७१० आणि ८,११० झाले, फरक पुन्हा ४०० चाच, पण हजारात दोन्ही ८,०००, फरकच गायब. आणि त्या वर्षी तुरीचा ८,०००, आधीच पूर्ण गठ्ठे, सुटं काही नाही, म्हणजे जसंच्या तसं. एवढ्या चार-पाच आकड्यांत अख्खा धडा आहे.

इथेच थांबून विचारा, आठ क्विंटल लांब धाग्याचा कापूस ७,५२१ ने गेला तर अंदाजे पैसे किती? शंभरात करून ७,५०० गुणिले ८, साठ हजार, हे तोंडी जमते. खरं उत्तर ६०,१६८. फार जवळ आहे. हजारात केलं असतं तर ८,००० गुणिले ८, चौसष्ट हजार, जवळपास चार हजारांचा फरक, आणि चार हजार म्हणजे घरच्या हिशोबात लहान रक्कम नाही. मोठा गठ्ठा घेतला की गणित सोपं होते पण चूकही मोठी होते, हे पोरांना पैशावरून जितकं लवकर समजते तितकं दुसऱ्या कशावरून समजत नाही. माझ्या मते राऊंड ऑफ शिकवायचं खरं कारणच हे आहे. बाप काट्यावरून पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, घेऊन आला आणि त्यावर ६,०१६ लिहिलं असेल किंवा ६,०१,६८० लिहिलं असेल तर पाचवीतल्या लेकराने बघताक्षणी म्हणायला पाहिजे की हे काहीतरी चुकलं, साठ हजाराच्या आसपास यायला पाहिजे. ज्यांच्या घरी कोणी शिकलेलं नाही तिथे तर हे लेकरूच घराचा हिशोबनीस असते.

लाखापर्यंत गेलेल्या वर्गाला २०११ च्या जनगणनेचे जिल्ह्यांचे आकडे द्या. वाशिम जिल्हा ११,९७,१६०, भंडारा १२,००,३३४, वर्धा १३,००,७७४, यवतमाळ २७,७२,३४८, गडचिरोली १०,७२,९४२. आपल्या जिल्ह्यापासून सुरू करा. वाशिम दहा हजारात करायचं तर ११९ | ७,१६०, सुटे पाच हजाराच्या वर, १२० दहा हजार, म्हणजे १२,००,०००. ९ असूनही कोणी अडत नाही हे बघून तुम्हालाच बरं वाटेल. लाखात केलं तर वाशिम आणि भंडारा दोन्ही १२ लाख, खऱ्यात ३,१७४ चा फरक. यवतमाळ हजारात २७,७२,०००, लाखात २८ लाख. गडचिरोली लाखात ११ लाख, दहा लाखात १० लाख.

बाजाराचं गणित पण घ्या. आठवडी बाजारात ३८, २२ आणि ४७ रुपयांच्या वस्तू घेतल्या तर ४०, २० आणि ५०, एकशे दहा, खरे १०७. झकास. पण मग २४, ३४, १४, ४४ द्या. राऊंडमध्ये २०, ३०, १०, ४०, बरोबर शंभर. खरे ११६. शंभराची एकच नोट घेऊन गेलेला माणूस अडकला न. प्रत्येक वेळी सुटे टाकत गेलो आणि सगळ्या टाकलेल्याचे मिळून सोळा झाले. खर्चाचा अंदाज काढताना प्रत्येक वस्तू पुढच्या दहाला न्यावी, ३०, ४०, २०, ५०, एकशे चाळीस घेऊन जा, उरले तर परत येतील. हा जवळच्या दहाचा नियम नाही, वेगळा आहे, आणि असे वेगळे प्रसंग असतात हे पोरांना सांगितलंच पाहिजे. ४३ किलो तूर दहा-दहा किलोच्या थैल्यांत भरायची तर जवळच्या दहाच्या हिशोबाने चार थैल्या, मग तीन किलो तूर काय ओसरीत सांडून ठेवायची? पाचवी थैली लागतेच. सहलीला ४३ पोरं आणि जीपमध्ये दहा, तरी पाचच जीपा.

तसंच कशाचं राऊंड करूच नये हेही बोला. मोबाईल नंबर, आधार नंबर, एसटीचा गाडी नंबर, हजेरी क्रमांक, हे दिसायला आकडे आहेत पण ते काही मोजत नाहीत, त्यात गठ्ठे नाहीत. आणि औषधाचं माप, मग ते दवाखान्यातलं असो की फवारणीचं, त्यात अंदाज चालत नाही, लिहिलं आहे तेवढंच.

दहाऐवजी पाचाचे गठ्ठे पण करता येतात हे पुढे गेलेल्या पोरांना दाखवायचं असेल तर एसटीचं उदाहरण चांगलं आहे, जून २०१८ मध्ये एसटीने सुट्ट्या पैशांच्या कटकटीवरून तिकिटं पाचाच्या पटीत केली होती, ७ रुपये होत असतील तर ५ आणि ८ होत असतील तर १०. काड्यांचे पाच-पाचाचे गठ्ठे करून बघायला सांगा, ७ मध्ये एक गठ्ठा आणि २ सुट्या, ८ मध्ये एक गठ्ठा आणि ३ सुट्या, का तसं केलं ते पोरंच सांगतात.

पोराला खरंच समजलं की नुसतं जमलं, हे तपासायला उलटा प्रश्न विचारा. एक संख्या जवळच्या दहात केली तर ४७० आली, ती संख्या कोणती असेल? ज्याने नियम पाठ केला तो ४७१, ४७२, ४७३, ४७४ सांगून थांबतो. ज्याला सुतळी डोळ्यासमोर दिसते तो मागे पण बघतो, ४६५ पासून ४७४ पर्यंत, ४७० धरून दहा संख्या. मग विचारा, शंभरात ४०० होणारी सगळ्यात लहान संख्या कोणती आणि सगळ्यात मोठी कोणती, ३५० आणि ४४९. हजारात ५,००० होणारी सगळ्यात लहान? ४,५००. आणि शंभरात ० होणाऱ्या कोणत्या? ० ते ४९. हे प्रश्न जो सोडवतो त्याला आणखी वीस गणितं देऊन दमवू नका, त्याला सुतळी धरायला बसवा आणि मागच्या पोरांना त्याच्याकडून शिकू द्या, पोरांची भाषा पोरांना लवकर कळते.

जो अडतो त्याला पुन्हा फळ्याकडे नाही, काड्यांकडे न्या, दोन अंकी संख्यांवर. दशांश अपूर्णांकांचं राऊंड मात्र या धड्यात आणू नका, कोणी विचारलं तरी. तिथेही हीच उभी रेघ चालते, पण आधी एका काडीचे दहा तुकडे म्हणजे काय हे समजलेलं असायला पाहिजे, आणि ते काम वेगळ्या धड्याचं.